आठवरची पिवळी रेघ

रणधीर इंगवले नव्या पिकअपच्या मागच्या बंपरवर चढला, धडाधड तीन उड्या मारल्या आणि खाली उतरून हात झटकत म्हणाला, "बघितलास? नुसती लोण्यागत दबतीया. ही काय गाडी हाय? पाळणा हाय पाळणा."

त्याच्याबरोबर आलेले दोघं हसले. दोघांच्या अंगात एकसारखे काळे टी-शर्ट, पाठीवर चिखलानं माखलेल्या चाकाचं चित्र. त्या चित्राखेरीज दुसरा चिखल त्या अंगांना लागला असेल असं वाटत नव्हतं. एक दातांचा डॉक्टर होता, दुसऱ्याचं फरशीचं दुकान होतं. रविवारी हे लोक गाड्या घेऊन डोंगरात जायचे, ओढ्यात गाडी मुद्दाम रुतवायचे, मग दुसऱ्या गाडीनं ओढून काढायचे आणि संध्याकाळी त्याचे फोटो एकमेकांना पाठवायचे. आमच्याकडची माणसं रुतलेल्या गाडीला शिव्या देतात. ही माणसं टाळ्या वाजवायची.

"दादा, ती दबते म्हणून धक्का तुमच्या अंगापर्यंत येत नाही," मी म्हणालो. "मोकळ्या गाडीचं दबणं चांगलं असतंय."

"मला शिकवू नको, निवृत्ती. काय पायजे ते मी ठरवून आलोय."

त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. परदेशातला कुणी दाढीवाला वाळवंटात गाडी हवेत उडवत होता. ती खाली आपटायची आणि काही झालंच नाही अशी पुढं निघून जायची.

"ह्यो शॉकअप. आणि मागं जड पाटे. गाडी दोन इंच वर उठली पायजे. रस्त्यावर लोकांनी मान वर करून बघितलं पायजे."

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. कोल्हापूरच्या बाहेर गारगोटीच्या रस्त्याला माझं कमानपाट्याचं वर्कशॉप होतं, अजून आहे. ट्रक, टेम्पो, उसाच्या ट्रॉल्या यांच्या चाकांवर जे लोखंडी पाटे एकावर एक रचलेले असतात, ते काढायचे, तुटलेला बदलायचा, सपाट झालेल्याला परत कमान द्यायची, हे माझं काम. हौशी गाड्यांचे महागडे शॉकअप मी तेव्हा नुकतेच बसवायला लागलो होतो. इंगवल्याच्या क्लबात बावीस गाड्या होत्या. एक खूश झाला की एकवीस येणार हे मला माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं. म्हणून तो माझ्याशी तसा बोलत होता आणि म्हणून मी ऐकून घेत होतो.

गाडीच्या दाराशी एक पन्नाशीचा माणूस उभा होता. पांढरा शर्ट, आणि शर्टावरून कंबरेला दवाखान्यातला रुंद पट्टा. इंगवल्याचा ड्रायव्हर, गुंडू नाईक. सगळे त्याला गुंडूमामा म्हणायचे. इंगवले फोन आला म्हणून बाहेर गेला तसा तो माझ्याजवळ आला.

"मिस्त्री, जरा मऊ काय तरी बसवा."

"का?"

"गाडी मीच चालवतोय न्हवं. चंदगडाकडं सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, दादांचं रिसॉर्ट हाय. डांबर सुटलं की चौदा किलोमीटर नुसता खडक. दिवसाला दोन खेपा. पाव्हण्यांच्या बॅगा, अंडी, पाव, धुवायच्या चादरी. वजन असं काय नसतंयच." त्यानं पट्ट्यावर हात ठेवला. "मणका सरकलाय थोडा. डॉक्टर म्हणालाय, असंच हादरं बसत ऱ्हायलं तर ड्रायव्हरकी संपली."

"दादा चालवत नाहीत?"

"चालवत्यात की. फोटो काढायचा असला की चालवत्यात."

ते तो इतक्या सरळ चेहऱ्यानं बोलला की मला हसू आलं.

"मग त्यांना सांगा की मणक्याचं."

"सांगून?" तो म्हणाला. "उद्या दुसरा ड्रायव्हर येईल. ऱ्हायाची खोलीबी त्यांचीच हाय. तुमी मिस्त्री म्हणून सांगितलासा तर वेगळं."

मी बरं म्हणालो. आणि तेव्हा ते मनापासून म्हणालो होतो.

माझे उस्ताद बाबालाल मुल्ला. शॉकअप किंवा पाटे निवडायच्या आधी त्यांची एक पद्धत होती. तांब्या पाण्यानं काठोकाठ भरायचा, ड्रायव्हरच्या शेजारी पायाखालच्या मॅटवर ठेवायचा आणि खाणीच्या रस्त्यानं एक फेरी मारून यायचं. गाडी रोज जो चालवतो त्यानंच चालवायची, मालकानं नाही. परत आलं की तांब्यात बोटं घालून किती पाणी उरलं ते बघायचं. त्यावरून ते पाटे किती जाड, शॉकअप किती कडक ते ठरवायचे. कंपनीचे तक्ते नंतर आले. बाबालाल उस्तादांचं माप त्यांच्यापेक्षा फारसं चुकलं नाही. ते गेल्यावर तो पोचे आलेला तांब्या मी खिळ्याला अडकवून ठेवला होता आणि दरवेळी काढत होतो.

त्या दिवशीही काढला. नळाखाली धरला आणि भरून गाडीकडं निघालो.

डॉक्टरनं आधी बघितलं. "मिस्त्री, कुठं निघाला? घाई लागली काय?"

इंगवले फोन खिशात टाकत आत येत होता. त्यानं माझ्या हातातला तांब्या बघितला आणि थांबला. "आरं जाऊ द्या की त्याला. उसाचं रान मागंच हाय. ये जाऊन निवांत, आमी थांबतो."

तिघंही हसले. फरशीवाला तर टायरवर हात टेकून हसला. मी तोंड उघडलं. हे काय आहे, कशासाठी आहे, ते सांगणार होतो. पण माझी नजर गुंडूमामाकडं गेली. तोही हसत होता. कंबरेला पट्टा बांधलेला, दोन मिनिटांपूर्वी माझ्याकडं मऊ शॉकअप मागणारा माणूस, मालक हसतोय म्हणून पोट धरून हसत होता.

इंगवल्याच्या हसण्याचं मला काही वाटलं नव्हतं. अशा लोकांना मी रोज बघतो. बापाची खडीची खाण असते, ह्यांना फक्त वर बसायचं असतं. पण मामाचं हसणं मला लागलं. याच्यासाठी मी तांब्या भरला, आणि हा त्यांच्या बाजूनं. मी पाणी मोरीत ओतलं, तांब्या खिळ्याला परत अडकवला आणि मनात म्हणालो, मरा सगळे.

"सांगा दादा, काय पाहिजे?"

"सांगितलं की. जड पाटे."

एवढं मात्र मी सांगितलं. धंद्याचा शिरस्ता म्हणून सांगितलं. "जड पाटे मागं कायम तीनशे किलो असेल तरच बसवायचे. मोकळी गाडी त्याच्यावर दगडागत चालते. पाटे आहेत तेच ठेवा, नुसते शॉकअप बदला."

"तीनशे किलो व्हय? डॉक्टरला मागं बसवतो."

"डॉक्टर नव्वदच्या वर नसतील."

"जेवल्यावर बघ," फरशीवाला म्हणाला.

परत हशा. मामा परत हसला. मी वहीत जड पाटे लिहून घेतले.

गुरुवारी माल आला आणि दुपारपर्यंत गाडी तयार झाली. ती दोन इंच वर उठली होती आणि, खोटं कशाला सांगू, दिसत रुबाबदार होती. शॉकअप खरोखर चांगले होते. प्रत्येकाला तेलाचा वेगळा डबा आणि डब्यावर फिरवायची गोल चावी. चावीला आठ खाचा. एक म्हणजे मऊ, आठ म्हणजे कडक. हातानं फिरायची, पाना लागायचा नाही. टक, टक, टक असा बारीक आवाज करत.

"कितीवर ठेवू?" मी विचारलं.

"जास्तीत जास्त किती?"

"आठ. पण आठ हे गाडी हवेत उडवून आपटणाऱ्यांसाठी. तुमच्या रस्त्याला तीन पुष्कळ."

"कंपनीनं आठ दिलंय आणि मी तीनवर ठेवू? मी काय सायकल घेतलीया?" तो म्हणाला. "आठवर ठेव. चारी."

मी चारही चाव्या आठवर नेल्या. तो बघत असताना नेल्या, आणि नेताना मला बरं वाटत होतं. त्याचं नाजूक ढुंगण त्या सड्याच्या खडकावर चौदा किलोमीटर आपटताना मला डोळ्यांसमोर दिसत होतं. मोडू दे म्हटलं साल्याची कंबर. मग येईल तीनवर. त्या सीटवर रोज कोण बसणार आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. सोमवारी त्या माणसानं स्वतः सांगितलं होतं. पण रागात असलो की मला एकच माणूस दिसतो, आणि त्या दिवशी मला तोच बघायचा होता.

इंगवल्यानं गाडीच्या पुढं उभं राहून फोटो काढून घेतले. टायरवर पाय ठेवून एक, हाताची घडी घालून एक. मग तो त्याच्या गार हवेच्या मोटारीत बसून निघून गेला. पिकअप सड्यावर न्यायला मामा मागं राहिला.

त्यानं आधी गाडीला पुढून मागून फेरी मारली. मग मागच्या चाकाजवळ गुडघा टेकून, एका हातानं कंबर धरत वाकला.

"मिस्त्री, ही चावी फिरीवली की मऊ हुतंय न्हवं?"

"कुणी सांगितलं?"

"तुमीच दादांस्नी सांगत हुतासा. मी ऐकलं."

तो उठला, कष्टानं उठला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे मी काय म्हंतो, डांबर सुटलं की खाली उतरायचं, चारी चाव्या तीनवर घ्यायच्या. दादा यायच्या आदी परत आठवर. कुनाला कळतंय? दोन मिंटाचं काम."

हुशार होता. मला वाटत होतं तितका बावळट नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तोंडावर हसायचं आणि पाठीमागं चावी फिरवायची. एकदा मालकाला नाही म्हण, माझी कंबर गेलीय म्हण. ते नाही.

"मालकाला विचारून हात लावा," मी म्हणालो.

"त्यास्नी इच्चारलं तर ते हो म्हणतील व्हय?"

"मग लावू नका."

"मिस्त्री, तुमाला म्हायती हाय न्हवं माझं."

"तुम्हाला तोंड आहे की. परवा हसायला चांगलं उघडलं होतं."

त्याला आधी कळलंच नाही मी कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. तो खाली बघत म्हणाला, "दादा हसल्यावर हसाय लागतंय, मिस्त्री. ते काय खरं हसणं असतंय?"

मी पिवळ्या रंगाचा डबा घेतला.

आमच्या धंद्यात काम संपलं की नटावर रंगाची रेघ ओढतात. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. नट सैल झाला किंवा कुणी फिरवला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. ही रेघ नटावर असते. चावीवर कुणी ओढत नाही, कारण चावी ही फिरवायलाच असते. त्या दिवशी मी चारही चाकांपाशी आडवा झालो आणि चारही चाव्यांवर आठच्या खाचेत रेघ ओढली. मामा शेजारी उभा राहून बघत होता.

"ही तुटलेली दिसली," मी अंगावरची माती झटकत म्हणालो, "तर कुणी तोडली ते मी दादांना सांगणार. माझ्या कामाची जबाबदारी माझ्यावर आहे."

कसली जबाबदारी. पण तसं म्हणालो, आणि म्हणताना ताठ उभा होतो.

"बरं," मामा म्हणाला. पट्टा जरा घट्ट ओढला, दाराला धरून वर चढला. गाडी दोन इंच वर गेल्यामुळं त्याला आता जास्त पाय उचलावा लागत होता. रस्त्यावर जाताना आमच्या दारातला छोटा खड्डा लागला तेव्हा सीटवर तो उडालेला मला मागच्या काचेतून दिसला.

दिवाळी त्यानंतर आठवड्यानं झाली. गाडी परत आली ती शिमग्याच्या आधी. चालवत वेगळाच माणूस होता, पंचविशीचा, कानात फोनच्या वायरी.

"मागनं आवाज येतोय," तो म्हणाला. "आणि गाडी कसली हाय ओ ही? आठवड्यात माझी आतडी सुटली."

"गुंडूमामा कुठाय?"

"ते न्हाईत आता. जानेवारीत सड्यावरच गाडी थांबवली म्हणं त्यांनी, आणि खाली उतरता येईना. पाव्हण्यांनीच धरून काढलं. पाय उचलंनात. आपरेशन झालं मिरजेला." त्यानं एका कानातली वायर काढली. "खोली मला दिलीया आता."

मी फळी सरकवून गाडीखाली गेलो. आवाज पाट्याच्या रबरी बुशाचा होता, किरकोळ. सगळ्या गाडीखाली लाल मातीचा थर बसला होता. मी हातातल्या चिंधीनं मागच्या उजव्या शॉकअपचा डबा पुसला.

पिवळी रेघ जशीच्या तशी होती. अर्धी चावीवर, अर्धी डब्यावर, मध्ये केसाएवढीही फट नाही. डावा पुसला. तीच गत. पुढं सरकलो, पुढचे दोन्ही पुसले. चारही रेघा मी ओढल्या त्या दिवसासारख्या.

मामानं चालवली ते तीन महिने. दिवसाला दोन खेपा, जाऊन येऊन. त्याला रोज त्या रस्त्यावर एकट्याला थांबता येत होतं. सड्यावर कावळा सोडून बघायला कुणी नव्हतं. माझ्याकडं तर गाडी तीन महिन्यांत आलीच नव्हती.

मी रेघा टर्पेंटाइननं पुसल्या. चारही चाव्या आठवरून तीनवर आणल्या. पाच टक एका चाकाला, वीस टक सगळे मिळून. एक बिडी ओढायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग मागच्या दोन्ही चाकांवरचा एकेक जड पाटा काढून ठेवला आणि नवीन पोराला म्हणालो, मालकानं विचारलं तर सांग आवाज काढला.

रविवारी इंगवल्याचा फोन आला. त्यानं त्या दिवशी स्वतः गाडी चालवली होती, क्लबच्या पुढं. मी म्हटलं आता कळलं वाटतं.

"निवृत्ती, मानलं तुला," तो म्हणाला. "गाडी आता बसलीया बघ. विमान, नुसतं विमान. मी डॉक्टरला म्हटलं, आठ ते आठच. पुढच्या आठवड्यात त्याचीबी गाडी घिऊन येतोय, त्यालाबी आठवर ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात मी मामाचा पत्ता काढला. खोली गेल्यावर तो आजऱ्याच्या अलीकडं एका वाडीत मेहुण्याच्या घरी राहत होता. सोप्यात लाकडी फळीवर उताणा पडला होता. गादी नव्हती, डॉक्टरनं सांगितलं म्हणून. मी दारात वाकलो तेव्हा त्याला मान वळवता आली नाही. त्याच्या बायकोनं सांगितलं, कोल्हापूरचं मिस्त्री आल्यात.

"या, या," तो छताकडं बघत म्हणाला. "गाडी आलीवती म्हणं तुमच्याकडं. ते नवं पोरगं सांगत हुतं फोनवर."

"आली होती."

वाटेत मी काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. गारगोटीपासून जुळवत आलो होतो. मी फळीच्या कडेला बसलो आणि सुरुवात करणार तेवढ्यात त्यानं हात उचलला आणि चाचपडत माझं मनगट धरलं.

"खाली जाऊन बघितलासा न्हवं?"

"बघितलं."

"मग दादांस्नी तेवढं सांगा, मिस्त्री. त्यास्नी वाटतंय मी चाव्या फिरवून गाडी बिघडवली, म्हणून आवाज आला. त्यापायी इचारपूसबी बंद केली त्यांनी." त्याची पकड घट्ट झाली. "तुमी रेघ बघितलासा की. मी हात लावला न्हाई. येकदाबी न्हाई."

त्याच्या बायकोनं पाण्याचा भरलेला तांब्या माझ्यापुढं आणून ठेवला.

"सांगतो," मी म्हणालो. माझ्या नखांत अजून पुसलेल्या रेघांचा पिवळा रंग होता.